खांदेरी उजव्या हाताला

राजुलला वक्तृत्वाची चिठ्ठी निघाली:
‘अंतराळ ज्याच्या लष्कराच्या मुठीत, उद्याची महासत्ता तोच.’
बाजूनं बोलायचंय. सात मिनिटं.
काका, तुम्ही जहाजांवर असता, मुद्दे सांगा.

मी बंदराचा पायलट. विमानाचा नव्हे,
हे जन्मभर लग्नाकार्यांत समजावत आलोय.
दोराच्या शिडीनं परक्या जहाजावर चढायचं,
परक्या कप्तानाशेजारी उभं राहायचं
आणि त्याचं जहाज आपल्या गाळातून
धक्क्याला आणून लावायचं.

मुद्दा पहिला, लिही.
गेल्या फाल्गुनात, रात्री दोन वाजून दहा.
तेलानं भरलेलं जहाज, बुचर बेटाकडे निघालेलं.
कप्तान बटुमीचा, खोकल्यानं बेजार.
पडद्यावरचं आमचं जहाज एकाएकी सरकलं
आणि जाऊन उभं राहिलं शिवाजी पार्कात.
पडद्याला त्याचं काही वाटलं नाही.
अलार्म गप्प. दिशा बरोबर. वेग साडेआठ नॉट.
फक्त आम्ही मल्लखांबाच्या शेजारी,
ऐंशी हजार टन कच्चं तेल घेऊन.
मागून येणारी दोन जहाजंही तिथंच,
तिघं एकमेकांच्या पोटात.

कप्तान आधी हसला. मग ते हसू त्यानं गिळलं.
कोण करतंय हे, म्हणाला.
मला काय ठाऊक?
कुणीतरी, कुठल्याशा लढाईतून हात लांब करून
आमची जागा उचलून भलतीकडे ठेवली होती,
पोराच्या हातचा रिमोट माळ्यावर ठेवावा तशी.
गोळी नाही, धूर नाही.
राजुल, एवढ्यावर तुझी चार मिनिटं जातील.

मी खिडकीशी गेलो.
वर बघून उपयोग नव्हता,
मुंबईच्या डोक्यावर तारे उरलेत कुठे,
विटकरी उजेडाची साय नुसती.
प्रॉन्ग्जचा दिवा डाव्या हाताला.
खांदेरी उजव्या हाताला.
कागदावर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या,
शिकाऊ असताना कॅप्टन भरुचा मारायला लावत तशा,
चुकलं की बोटांवर पट्टी.
जिथं त्या छेदल्या तिथं आम्ही होतो.
पोर्ट फाइव्ह, म्हटलं.
पोर्ट फाइव्ह, सुकाणूवरचा पोरगा म्हणाला.
आवाज दोघांचाही कापत होता.

इथं टाळ्या घ्यायचा मोह होईल तुला:
पाहा, अखेर माणसाची नजर!
घेऊ नकोस.
त्या रात्री धुकं नव्हतं, एवढंच.
शिवाय बँकेचं घड्याळ, विजेची जाळी, तुझा फोन,
सगळे वरच्या त्याच टिकटिकीवर चालतात.
त्यांना कुठली आली खिडकी?

मुद्दा दुसरा. हा बहुधा विरुद्ध बाजूचा.
मराठ्यांनी भर पावसाळ्यात खांदेरीवर दगड रचले,
तर सिद्दीनं शेजारची उंदेरी धरली.
समोरासमोर दोन खडक, तोफा एकमेकांवर.
ज्याची खांदेरी त्याची मुंबई,
असं तेव्हाही कुणी सात मिनिटं बोललं असेल.
आता तशाच खांदेऱ्या-उंदेऱ्या वर फिरतात,
कपाटाएवढ्या, दीड तासात पृथ्वीला फेरी,
एक दुसरीच्या मागं काठी घेऊन.
खालचे दोन्ही खडक मात्र
सरतेशेवटी तिसऱ्याच्याच हाती गेले.
तोफा त्याच्याकडेही होत्या.
पण हिशेबाच्या वह्या जास्त होत्या.

मग आत्ताचा तिसरा कोण, काका?

पेनाचं टोपण दातांत, डोळे माझ्यावर.
मला येत नव्हतं उत्तर.
त्याऐवजी शिडीची गोष्ट सांगितली:
जहाज बाहेर सोडून आपण उतरतो, काळोख असतो,
खाली लाँच वरखाली होत असते.
शिडीची पायरी संपते
आणि पाय हवेत लाँच शोधत राहतो.
तेवढा वेळ.

हे कुठल्या बाजूचं, तिनं विचारलं.

लिहून ठेव, म्हटलं.
मिनिटं उरली तर.