अळवाखालचं पाणी

इओतेबाने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं
आणि थुंकला.
माझ्या हातातलं यंत्र अजून आकडा शोधत होतं.

अबायांग बेटावर उभं राहिलं
की एका कानात समुद्र, दुसऱ्या कानात लगून.
मधे ही एवढीशी पट्टी,
तिच्या पोटात खाऱ्यावर धरलेली
गोड्या पाण्याची साय.
त्या सायीपर्यंत उतरलेला हा खड्डा
त्याच्या पणज्याचा.
कासवाच्या पाठीने उपसला, म्हणतो.

खड्ड्यात बाबाई,
आपल्या अळवाचा थोरला भाऊ म्हणा.
पान माणसाहून उंच,
कांदा लग्नात दोघांनी मिरवत न्यावा असा.

मागच्या फेब्रुवारीत भरतीची एक लाट
रस्ता ओलांडून आली. फार नाही, घोट्याएवढी.
चर्चच्या पायरीशी जरा थांबली,
मग इथे उतरली
आणि राहिली.
तेव्हापासून पानांच्या कडा
पिवळ्या, मग तपकिरी,
विस्तव लागलेल्या कागदासारख्या
आत आत सरकतायत.

आमच्याकडे, मी सांगितलं त्याला,
न टिकणाऱ्या गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणतात.
त्याने विचार केला.
"वरचं खरंय," म्हणाला. "खालचं जात नाही."

बाबाईला काय भरवायचं
हे इथे कुणी कुणाला सांगत नाही.
कुठला पाला, ओला की वाळका,
किती दिवसांनी, चंद्र कुठे असताना.
बापाने त्याला सांगितलं ते रात्री, कानात,
तेही चौदा वर्षं ताटकळत ठेवून.
जावयाला अजून पत्ता नाही.
शेजारची नेई तोकारे दर मोसमात
केवड्याच्या झापांआडून डोकावायची,
हा तिच्याकडे पाठ करून बसायचा.

आज उभा राहून सांगू लागला.
मोठ्याने. मला, परक्याला.
तीन झाडांची नावं, त्यांचा क्रम,
चौथं किनाऱ्यावरचं झुडूप
(ते यंदा फुललंच नाही),
खोडाभोवती टोपली विणताना
पहिली गाठ कुठल्या दिशेला.
मी वही काढून भराभर लिहीत गेलो.
तिसऱ्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ
विचारायचं राहून गेलं.

पलीकडच्या खड्ड्यात नेई तोकारे
सडकी पानं कापत होती.
वारा तिच्याच बाजूला होता, सगळं ऐकू गेलं असणार.
तिने मान वर केली नाही.