मुका खांब

एस्तेर नर्सच्या रेडिओवरची लेस
पिवळी पडलेली. रात्रभर भिजवून
उलटी करून मोजते:
तीन साखळ्या, पाच खांब, एक मुका.

तसा दोरा वरुडात मिळत नाही आता.
संत्र्यांच्या पिशवीची लाल जाळी उसवते.
नायलॉन सुईवरून निसटतं,
गाठ धरत नाही,
टोक मेणबत्तीवर जाळून
चिमटीत दाबावं लागतं.

सातव्या पाकळीत चारच खांब.
कोणीतरी दार वाजवलं असेल,
कंदील घेऊन, घाईत,
घरी कळा सुरू झालेल्या.
पहाटे येऊन हात धुतले असतील तिनं
आणि थेट आठवी पाकळी.

मीही चारच घातले.

स्कूटीच्या सीटची झालर
कुंदा बोटानं चाचपते, थांबते:
"अठी एक कमी हाये, बाई.
पैसे बी कमी घेसान का?"