चुक्की

आठ इंची घ्यायची होती मला.
सहा इंचीवर आलो, कारण डिकॉस्टा सर म्हणाले,
"नळी नंतर घे. आधी पाय घे.
जांबोटीचा वारा ठाऊक आहे की तुला,
आठ इंची नळी म्हणजे शीडच ते,
रात्रभर फोटोत तारे नाचवशील."
म्हणून पैशांतले दोन वाटे माउंटला,
उरलेल्यात आरसा.
पतसंस्थेच्या अर्जावर कारण लिहिलं:
गृहोपयोगी वस्तू.

कॅमेरा लावला आणि नळी एका बाजूला कलंडली.
वजन कमी पडत होतं.
उद्यमबागेत गेलो, मडिवाळप्पाकडे.
"काय तोलायचंय?"
अर्धं माझ्या मराठीत, अर्धं त्याच्या कन्नडात
सांगितलं सगळं.
चौथ्या दिवशी बिडाची चकती तयार,
मधोमध वीस मिलीमीटरचं भोक, तासून गुळगुळीत,
कडेला अजून साच्यातली काळी वाळू.
बिल मागितलं तर म्हणाला,
"काय लिहू सांग की.
आभाळाचं वजन, तीन किलो?"

माघातल्या अवसेला तो स्वतःच आला,
टेंपोत बसून, कानटोपी घालून.
गच्चीवर संध्याकाळीच मी आरसे जुळवले होते:
पाव फेरा इकडे, त्याच्या निम्मा तिकडे,
वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक,
आणि सगळ्यांच्या मध्ये, काळा, बावळट,
माझाच डोळा.

"लाव की मग."
"आरसा थंड व्हायचाय. घरातली ऊब आहे त्यात.
आत्ता बघितलं तर तारे उकळताना दिसतील."
त्याने मान हलवली.
ओतीव निवायच्या आत साचा फोडू नये,
हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.
पाऊण तास बसलो. शेंगा खाल्ल्या.

मग ध्रुव.
आपल्याकडे तो फार वर नसतो,
जेमतेम सोळा अंश, शेजारच्या टाकीच्या खांद्याशी.
लहानपणापासून ऐकलेला, अढळ.
भिंगातून पाहिला तर मधल्या फुलीवर नव्हता,
आणि बसवायचाही नसतो तिथे.
त्याची जागा बाजूच्या बारीक वर्तुळावर,
घड्याळाच्या काट्यासारखी, तासातासाला सरकणारी.
फुलीवर काही नाही.
ज्याच्याभोवती सगळं फिरतं
तिथे कुणी बसलेलंच नाही.

मडिवाळप्पा बराच वेळ वाकून राहिला.
त्यांच्यात ताऱ्याला चुक्की म्हणतात. ठिपक्यालाही.
"चुक्की सेंटरला नाही," म्हणाला.
मला ऐकू आलं: चुकी.
"असते थोडी," मी म्हटलं.
"माझ्या लेथवर असती तर जॉब परत."

पहिला फोटो चोर्ल्याहून आलेल्या ट्रकने खाल्ला,
दुसरा माझ्या पायाने.
तिसऱ्यात मृग आला,
पोटात रुतलेल्या बाणाखाली
गुलाबी, ओला डाग,
आणि प्रत्येक ठळक ताऱ्याला
आरशाच्या काड्यांनी दिलेली बारीक फुली.
मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही.

त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं
आणि मग आपल्या चकतीकडेच पाहत राहिला.
मृग पश्चिमेला कलत होता,
त्याच्यासोबत, केसाएवढं केसाएवढं,
उद्यमबागेचं बीड खाली येत होतं.
"हात लावू?"
"तीस सेकंद थांब."

ओठांतल्या ओठांत त्याने आकडे मोजले,
त्याच्या भाषेत. मी माझ्या.
खट्ट झालं तेव्हा दोघांचे दोनचार उरलेच होते.
तळवा ठेवून म्हणाला,
"निवलं बघ आता."