गिलीट

थर्झा ॲब्लेट श्वास रोखून धरते.
वर्ख साध्या उसाशानंही उडतो,
म्हणून या खोलीची खिडकी बंद, पंखा नाही,
आणि कुणी मोठ्यानं हसायचं नाही.
खारीच्या केसांचा कुंचला ती आधी गालावरून फिरवते,
गालाचं एवढंसं तेल पुरतं सोनं उचलायला.
समोर सफोकमधल्या कुठल्याशा चर्चचा लाकडी देवदूत,
नाक झिजलेलं, अंगाला तांबडी माती लावलेली,
सोन्याची वाट बघत उभा.

काय करतेस, विचारलं की एकच शब्द: गिल्ट.

भाऊ ॲम्ब्रोज पलीकडच्या गोठ्यात, गुडघाभर बुटांत.
काय पाळतोस, विचारलं तर तोही म्हणतो, गिल्ट.
म्हणजे अजून न व्यालेली डुकरीण.
हा शब्द वेगळाच. उत्तरेकडच्या दर्यावर्दींच्या भाषेतून आलेला.
सोन्याशी त्याचं नातं नाही,
चिखलाशी आहे.

आणि बापानं मागे ठेवलेले सरकारी रोखे, तेही गिल्ट.
पूर्वी म्हणे त्या कागदांच्या कडा सोनेरी असत.
आता कडा नाहीत, कागदही नाही,
बँकेच्या पत्रातला एक आकडा फक्त.

आमच्याकडे हाच शब्द गिलीट होऊन आला,
कासाराच्या दुकानात मांडी घालून बसला,
'खरं नव्हे ते' एवढाच अर्थ जवळ ठेवून.
बाकीचं सामान त्यानं बंदरावरच टाकलं असणार.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात ॲब्लेटांची सगळी डुकरं गारठून मेली.
आई तापात होती.
बापानं साबण लावून तिच्या बोटातली अंगठी काढली
आणि इप्सविचला जाऊन मोडली.
थर्झा सोळाची, मुलामेवाल्याकडे नुकती कामाला लागलेली.
पडद्याची एक पितळी कडी बापानं तिच्या तळहातावर ठेवली.
"हिला पाणी दे."
तिनं दिलं.

त्या पैशांतून एक गिल्ट आली.
जूनमध्ये तिला अकरा पिल्लं झाली.
छप्पर, ॲम्ब्रोजची शाळा, पुढे ते रोखे,
सगळं त्या अकरांतून.

आईनं बरी झाल्यावर हात दिव्यापाशी धरून पाहिला.
बोलली काहीच नाही.
दर शनिवारी मीठ आणि व्हिनेगर घेऊन
ती बोट घासायची, अंगठी नाही.
बोटाभोवती हिरवी रेघ उमटायची, जायची, पुन्हा उमटायची.
मग एकदा, भांडी विसळता विसळता,
पाठ न वळवता:
"थर्झा, जरा पाणी उतरलंय गं."

त्यानंतर दर नाताळाआधी,
कामावरून सगळे गेल्यावर, थर्झा ती कडी सोन्यात बुडवी.
चोवीस नाताळ.
पंचविसाव्याला आई नव्हती, कडीही नव्हती,
दोघी एकाच पेटीत गेल्या.

शब्दकोशात चौथा शब्द सापडतो.
उच्चार तोच. मध्ये एक अक्षर जास्तीचं,
लिहायचं, पण म्हणायचं नाही.
अर्थ: अपराध, आणि त्याचं मनातलं ओझं.
मूळ: अज्ञात.

सोन्याचं मूळ मात्र सापडतं.
फार जुना धातू, चमकणारं, पिवळं असं काहीसं सांगणारा.
त्याची एक फांदी तिकडे गेली, तिला सोनं लागलं.
एक आपल्याकडे आली:
हिरण्य.
हळद.
आणि, पुन्हा वाचून पाहिलं,
हिरवा.

हे थर्झाला कुणी सांगितलेलं नाही.
ती देवदूताच्या गालावर फुंकर घालते, लाल माती ओलावते,
वर्ख आपोआप चिकटतो.
पलीकडून ॲम्ब्रोज ओरडतो, अगं ये लवकर, व्यायला लागली!
ती हलत नाही.
हातावर उरलेला सोन्याचा एक कण
अनामिकेच्या मुळाशी, सवयीनं, पुसते.