ओळंबा

दिवाळे गावात, खाडीच्या अंगाला
काचेची नवी खोली उभी राहिली,
लोखंडी खांब, वर पातळ स्लॅब.
जुन्या भिंतीशी गाठ पडली तेव्हा
हसुराम गवंड्यानं ओळंबा सोडला
आणि विडी विझवली:
खाली बोटभर फट, वर वीतभर.

बाबांची भिंत.
रात्री जाळी, दिवसा विटा.

आर्किटेक्ट म्हणाली, तासून सरळ करू,
नाहीतर भरून घेऊ.
आई बोंबील साफ करत होती.
मान वर न करता बोलली,
"तो उभाच तसा ऱ्हायचा.
एका पायावर भार देऊन."

फट राहिली. तिच्यावर काच बसली.
आता साडेतीनला
नव्या फरशीवर उन्हाची पाचर पडते.
आई तेवढ्यातच जवळा पसरते,
ऊन सरकलं की
सुपासकट सरकते.