बॅनरची पाठ

बाराला दहा कमी असताना मोठ्या बाईंचा फोन आला:
मुली तयार आहेत, ट्रक एकला निघतो, या लगेच.
मी म्हटलं, सकाळी सातला का नाही बोलावलंत?
त्या म्हणाल्या, सकाळी सातला जर्सी कुठे आल्या होत्या?

लोडवारमध्ये या वेळी शेळ्यासुद्धा
एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या असतात.
सावली ज्याची त्याला,
टाचेखाली दडपलेली, चपातीएवढी.

मैदानाच्या कडेला एक बाभूळ.
तिच्याखाली चौघी मावतात, टीम सोळा जणींची.
आणि मावल्या असत्या तरी पानांतून गळणारं ऊन
कुणाच्या गालावर, कुणाच्या दातांवर ठिपके काढतं.
देवीचे व्रण उठल्यासारखे फोटो मी एकदा काढलेत,
पोलीस कॅन्टीनच्या व्हॉलीबॉलवाल्यांचे.
पैसे अजून यायचेत.

म्हणून उघड्यावर घेतल्या, दोन रांगांत.
भुवयांखाली काळोख साचला,
डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे,
नाकाखाली मिसरूड फुटावं तशी सावली.
गोलकीपर नापेयोक म्हणाली, आम्ही मेलेल्या दिसतोय का?
मी म्हटलं, नाही गं. रागावलेल्या.
ती म्हणाली, मग चालेल.

जर्सी पांढऱ्याफटक, घडीच्या रेघांसकट.
त्या सांभाळाव्यात तर चेहरे बुडतात,
चेहरे सांभाळावेत तर जर्सी जळून जातात,
वर नंबरही.
असेकोन सात नंबरासाठी दोन दिवस
कुणाशी बोलली नव्हती म्हणे.
तो सात मी कसा जाळू?

फ्लॅश माझा मार्चमध्येच गेला. वाळू शिरली.

बॅनर मात्र आला होता.
चार मीटर, दोन बांबू, देणगीदारांचं नाव
एवढ्या अक्षरांत की ट्रक न थांबवता वाचावं.
हे मागे धरायचं, मोठ्या बाई म्हणाल्या,
नाव पूर्ण यायला हवं,
त्यांना कळायला हवं पैसा कुठे गेला.

मी नाव वाचलं. मग पलीकडे जाऊन
बॅनरची पाठ पाहिली.
कोरी. दुधासारखी.

मुलींना फिरवलं, पाठी उन्हाला.
ड्रायव्हर एबेई आणि शाळेचा वॉचमन
बॅनर घेऊन माझ्या पुढ्यात बसले,
नाव जमिनीकडे, पाठ मुलींकडे.
तिरपा करा. अजून. अजून जरा. बास.

आणि उजेड खालून चढला,
मोज्यांवरून, गुडघ्यांच्या खपल्यांवरून, हनुवट्यांपर्यंत,
विहिरीत वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर
पाणी हलतं तसा.
केसांच्या कडांना उन्हाची बारीक किनार.
जर्सीवरचा सात शाबूत.

डोळे मिटा, म्हटलं. टाटू म्हणालो की उघडायचे.
मोजा,
म्बिली,
सोळा मिटलेले चेहरे, वारा नाही,
एबेईच्या नाकावरून घाम बॅनरवर टपकला,
टाटू.

मोठ्या बाईंनी पडद्यावर हात धरून पाहिलं. बराच वेळ.
मुली चांगल्या आल्यात, म्हणाल्या.
पण नाव?

मग दुसरा काढला. बॅनर मागे,
नाव पूर्ण, खड्डे पूर्ण.
तो त्यांनी पाठवला. त्याचेच पैसे मिळाले.

पहिला माझ्या दुकानात आहे, काउंटरच्या वर.
गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर मोठा करतो,
नापेयोकच्या डोळ्यापर्यंत जातो.
बुबुळात एक पांढरी चौकट, तांदळाएवढी,
तिच्यावर काही लिहिलेलं नाही,
आणि वरच्या कडेला एक काळा ठिपका. तो मी.

मॅच संध्याकाळी पाचला झाली, ऐकलं,
मधासारख्या उन्हात.
हरल्या, चार-एक.
तो एक असेकोनचा.
त्याचा फोटो कुणाकडेच नाही.