टाकीची भिंत

आधी डाव्या डोळ्याच्या कडेला
करवतीचे दात चमकतात,
मग दुसऱ्या मजल्यावरच्या फोडणीचा वासही
घणासारखा बसतो.

सुंठ उगाळून झाली, गोळ्या झाल्या,
परळच्या डॉक्टरांनी वही दिली:
काय खाल्लं, किती झोपलात, कधी दुखलं.
सतरा पानं भरली.
अर्धशिशी वही वाचत नाही.

मुलुंडच्या आमच्या इमारतीखाली
पंपाची खोली आहे.
एकदा मी जिन्यात डोकं धरून बसलेली,
वॉचमन लोटनकाकांनी
काही न विचारता किल्ली काढली.

आत खिडकी नाही.
टाकीची भिंत ओलसर, शेवाळाच्या वासाची.
तिला कपाळ टेकवलं
तर पलीकडे
बावीस घरांचं पाणी
गप्प उभं.

आता करवत चमकली की मी खाली जाते.
सहाला पंप सुरू व्हायचा असतो,
त्याआधी काका दारावर वाजवतात,
एकदाच, नखाने.

थांबलं का, विचारतात.
नाही, म्हणते.
पण थोडं बाजूला सरकलंय,
मला टेकण्यापुरती
जागा झाली.